जळणाचें पीक: मळ्यांत कीं माळावर?

नीरेच्या उजव्या कालव्याच्या कांठानें अकलूजकडे जाणाऱ्या प्रवाशाला माळशिरस तालुका म्हणजे एक अखंड हिरवा पट्टा वाटतो. दोहों बाजूंस ऊंस, मधून मधून केळीच्या बागा, आणि दूरवर साखर-कारखान्याचें धुरांडें. तोच प्रवासी पिलीवच्या घाटाकडे वळला, किंवा नातेपुत्याहून शिखर शिंगणापुराच्या रोखानें पायीं निघाला, तर थोड्याच वेळांत दुसरा मुलूख त्याच्या दृष्टीस पडतो. तेथें मुरमाड जमीन, कुसळाचें गवत, ओढ्याच्या कडेला वेडी बाभूळ, आणि त्या बाभळीच्या काटक्यांची मोळी डोक्यावर घेऊन उन्हांतून घराकडे परतणारी एखादी बाई. एकाच तालुक्याचे हे दोन तुकडे आहेत. पहिल्याला कालवा पाणी देतो. दुसऱ्याला वर्षाकाठीं सरासरीनें ५०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, आणि तोही लहरी. पुढें जें लिहावयाचें आहे तें वाचतांना हे दोन्ही तुकडे वाचकांनीं डोळ्यांपुढून हलूं देऊं नयेत.

अलीकडे आपल्या शेतकऱ्याला एक नवा उपदेश होऊं लागला आहे. कोळसा व खनिज तेल हीं कधीं तरी संपणारीं, शिवाय त्यांच्या धुरानें पृथ्वीचें हवामान बिघडत चाललेलें. सबब झपाट्यानें वाढणारीं झाडें लावा, तीन-चार वर्षांनीं तोडा, लांकूड विद्युत्-केंद्रांना व कारखान्यांना विका, आणि त्याच बुंध्यांतून पुन्हा फुटूं द्या. कोणी बांबूचें नांव घेतो, कोणी सुबाभळीचें, कोणी निलगिरीचें. ज्या गांवीं पिण्याचें पाणी टॅंकरनें येतें त्या गांवच्या चावडीवरही या गोष्टी ऐकूं येतात.

या विचाराची टर उडवावी असें मला मुळींच वाटत नाहीं. त्याच्या बुडाशीं शास्त्र आहे. झाड वाढतांना हवेंतील कार्बन वायु शोषून घेतें आणि जळतांना तोच परत सोडतें. पुन्हा तेवढेंच झाड वाढलें म्हणजे हिशेब पुरा होतो. कोळशाचें तसें नाहीं. कोट्यवधि वर्षांपूर्वीं भूमीच्या पोटांत गाडला गेलेला कार्बन आपण आज वर काढून हवेंत मिसळतों, आणि तो परत गाडणारा कोणी नाहीं. झाड झपाट्यानें वाढणारें असावें हा आग्रहही याच हिशेबांतून आला आहे. साठ वर्षांचा लिंब जाळला तर त्याची भरपाई होण्यास पुन्हा साठ वर्षें. चार वर्षांचें झाड जाळलें तर चारच. तेव्हां लांकूड जाळावें कीं नाहीं हा प्रश्नच नव्हे. तें कोणत्या जमिनींत वाढवावें, कोणाच्या पाण्यावर, आणि शेवटीं तें कोणाच्या चुलींत जावें, एवढाच प्रश्न आहे.

जळण पेरून पिकवावें ही कल्पना कांहीं आजची नव्हे. १८८९ सालीं डॉ. व्होल्कर नांवाचे शेतकी रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडांतून हिंदुस्थानची शेती पाहण्यास आले. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत त्यांनीं एक गोष्ट वारंवार सांगितली: येथील शेतकरी शेण जाळतो तें तो अडाणी आहे म्हणून नव्हे, तर त्याला दुसरें जळण मिळत नाहीं म्हणून, सबब गांवोगांव जळणाचीं व वैरणीचीं राखीव रानें करा, म्हणजे शेण आपोआप शेतांत जाईल. या अहवालाला सव्वाशें वर्षें उलटून गेलीं, आणि माळशिरसच्या माळावरील वस्त्यांत भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या आजही दिसतात. १९२८ च्या शेतकी कमिशननेंही शेण जाळण्याचा हाच प्रश्न पुन्हा हातीं घेतला होता.

सरकारी अहवालांच्याही पूर्वींपासून आमच्या बागायतदाराला झपाट्यानें वाढणाऱ्या झाडाची विद्या अवगत होती. पानमळा लावणारा शेतकरी वेलाच्या आधीं शेवरी, शेवगा, पांगारा व हदगा लावतो. शेवरी कांहीं महिन्यांत डोक्यावर जाते, वेलाला आधार व सावली देते, तिचा पाला गुरांना चालतो, आणि तिचें आयुष्य संपलें कीं वाळलेल्या काठ्या घरच्या चुलीला होतात. हलकें लांकूड, भरभर पेटणारें. भाकरीला चांगलें, हुरड्याच्या आगटीला निरुपयोगी. शेवरीच्या जळणावर कोणी विद्युत्-केंद्र उभारण्याचें मनांत आणलें नाहीं. पण जिला लावली तिनें घर सोडून बाहेर जळण शोधलें नाहीं, एवढें खरें.

आतां सुबाभळीची कथा सांगितली पाहिजे, कारण या सर्व उत्साहाचें व निराशेचें मूळ तिच्यांत सांपडतें. १९४६ सालीं महात्मा गांधी पुण्याजवळ उरुळी कांचन येथें कांहीं दिवस राहिले व तेथें निसर्गोपचाराचें काम सुरू करून तें मणिभाई देसाई या तरुण कार्यकर्त्याच्या हातीं सोंपवून गेले. मणिभाईंनीं पुढें १९६७ सालीं भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फौंडेशन ही संस्था काढली, गाईंच्या संकराचें मोठें काम केलें, आणि १९८२ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेक्सिकोकडील एक शेंगवर्गीय झाड, ज्याचीं उंच वाढणारीं वाणें हवाई बेटांत निवडलीं गेलीं होतीं, तें याच संस्थेनें सुबाभूळ या गोड नांवानें महाराष्ट्राच्या घरोघर पोंचविलें. पाला वैरणीला, लांकूड जळणाला, मुळें जमिनीला नत्र देणारीं. तोडलें कीं दुप्पट जोमानें फुटणारें. एकाच झाडांत इतके गुण पाहून लोक हरखून गेले तर त्यांत नवल नाहीं. मणिभाईंच्या हेतूविषयीं शंका घेण्यास तिळभरही जागा नाहीं. त्यांना गरिबाच्या गोठ्याला वैरण व चुलीला जळण द्यावयाचें होतें.

पुढें अनुभव यावयाचा तो आला. सुबाभळीच्या पाल्यांत मिमोसिन नांवाचें द्रव्य असतें. घोड्याला तो खाऊं घातला तर आयाळीचे व शेपटीचे केस झडतात, आणि गुरांच्या वैरणींत त्याचें प्रमाण फार झालें तर त्यांनाही अपाय होतो. शेंगा इतक्या धरतात कीं नको तेथें रान माजतें. आणि १९८८ च्या सुमारास सिल्ला नांवाची बारीक रसशोषक कीड या देशांत पोंचली व तिनें सुबाभळीचे शेंडेच्या शेंडे काळवंडून टाकले. झाड मेलें नाहीं. पण ज्या वेगाची कीर्ति ऐकून लोकांनीं तें लावलें होतें तो वेग गेला. एकाच जातीचें झाड सर्वांनीं सर्वत्र लावलें म्हणजे एक किडा सर्वांना पुरतो.

याच झाडाच्या नशिबीं फिलिपाइन्स बेटांत याहून मोठा खेळ आला होता. तेथें त्याला इपिल-इपिल म्हणतात. १९७९ च्या सुमारास, तेलाचे भाव भडकले असतां, त्या देशाच्या सरकारनें ठरविलें कीं डोंगरांवर इपिल-इपिल लावावें, शेतकऱ्यांच्या मंडळ्यांनीं तें तोडून आणावें, आणि त्यावर खेड्यापाड्यांतून लहान विद्युत्-केंद्रें चालवावींत. बेत साठ-सत्तर केंद्रांचा होता. त्यांतलीं मोजकींच उभीं राहिलीं, आणि जीं राहिलीं तींही धड चाललीं नाहींत. कोठें झाडें कागदावर जितकीं वाढलीं तितकीं जमिनीवर वाढलीं नाहींत. कोठें लांकूड होतें, पण चढावरून तें खालीं आणण्याची मजुरी लांकडाच्या किमतीहून अधिक पडली. लांकूड वाहून नेणें हें लांकूड वाढविण्याइतकेंच खर्चाचें काम आहे, हें ज्यानें डोक्यावरून मोळी वाहिली त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं.

आतां थोडें गणित. आमच्या मॅट्रिकच्या मुलांनीं तें स्वतः करून पाहावें. ढोबळ आंकडे पुरेसे आहेत. लहान केंद्रांत एक युनिट वीज करण्यास सुमारें सव्वा किलो सुकें लांकूड लागतें. एक मेगावॅटचें केंद्र वर्षांत ७,००० तास चाललें तर ७० लक्ष युनिटें होतात, म्हणजे जवळजवळ ९,००० टन लांकूड पाहिजे. चांगल्या जमिनींत, पाणी देऊन, हेक्टरीं वर्षाला १० टन सुकें लांकूड धरलें तर एका मेगावॅटच्या पोटाला ९०० हेक्टर जमीन लागते. माळावरच्या पावसाच्या पाण्यावर यापेक्षां किती तरी अधिक. याउलट सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या काचांना एका मेगावॅटला दोन हेक्टरांच्या आंत-बाहेर जागा पुरते, आणि वर्षाला सुमारें १५ लक्ष युनिटें पदरांत पडतात. त्याच दोन हेक्टरांत झाडें लावलीं तर २० टन लांकूड, आणि त्याचीं १६,००० युनिटें. शंभर पट नव्हे, पण नव्वद पटींहून अधिक तफावत झाली. सूर्य रात्रीं नसतो व लांकूड रात्रींही जळतें, हें खरें. परंतु एवढी तफावत भरून काढण्यास रात्र पुरी पडत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत दक्षिण सोलापूर तालुक्यांत १,३२० मेगावॅटचें कोळशाचें केंद्र आहे. त्याचे दोन संच २०१७ व २०१९ सालीं चालू झाले. २०२१ च्या केंद्र सरकारच्या धोरणानें असें ठरविलें कीं अशा केंद्रांनीं कोळशांत पांच टक्के जैविक इंधन, मुख्यतः शेतांतील टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या कांड्या, मिसळाव्यात. पांच टक्के ऐकावयास किती लहान वाटतात! परंतु १,३२० चे पांच टक्के ६६ मेगावॅट होतात. मोठें केंद्र लांकूड अधिक काटकसरीनें जाळतें, म्हणून युनिटामागें एक किलोहून थोडें कमी धरलें, तरी वर्षाला चार लक्ष टन माल पाहिजे. आणि तो जर मुद्दाम लावलेल्या झाडांतूनच आणावयाचा म्हटला तर निदान ४०,००० हेक्टर ओलिताची जमीन त्यांत घालावी लागेल. एका केंद्राच्या विसाव्या हिश्श्याला चाळीस हजार हेक्टर! ज्या जिल्ह्यांत कालव्याच्या एका पाळीवरून भाऊबंदांत डोकीं फुटतात, तेथें हें पाणी कोठून आणावयाचें तें योजना सांगणाऱ्यानें सांगावें. शासनानें शेतांतील टाकाऊ मालावर भर दिला यांत शहाणपण आहे. मुद्दाम रान लावून तें भट्टींत घालावें असा अर्थ त्यांतून जे काढतात त्यांचें मात्र चुकतें.

आणि मौज अशी कीं माळशिरसच्या कालवाभागांत जळणाचें पीक आधींच उभें आहे. आपण त्याला त्या नांवानें ओळखत नाहीं इतकेंच. सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनीं १९३२ सालीं आपल्या बळावर साखर-कारखाना काढला व त्याच्याभोंवतीं माळीनगर वसलें. पुढें श्रीपूर, अकलूज, सदाशिवनगर येथेंही कारखाने झाले. ऊंस हें साखरेचें पीक म्हणून आपण लावतों. परंतु हेक्टरीं १०० टन ऊंस गाळला कीं सुमारें ३० टन चिपाड निघतें. त्यांतील निम्में पाणी वजा केलें तरी १५ टन कोरडें जळण उरतें. शेतांत राहणारें पाचट आणखी आठ-दहा टन. म्हणजे साखर घरांत आल्यावर, फुकटांत, जळणाच्या कोणत्याही झाडाहून दुप्पट जळण. आडसाली ऊंस अठरा महिने उभा राहतो हें लक्षांत घेऊन आंकडा खालीं आणला तरी तो झाडापेक्षां मोठाच राहतो. चिपाडाचा उपयोग कारखानदारांना कळला आहे. त्यावर वाफ, वाफेवर वीज, आणि उरलेली वीज बाहेर विकणें हा प्रघात आतां रुळला आहे. पाचटाला मात्र अजून वाली नाहीं. तोडणी झाली कीं पुष्कळ शेतकरी त्याला काडी लावतात. संध्याकाळच्या वेळीं अकलूजच्या रस्त्यावरून जातांना जी धुराची पांढरी चादर शेतांवर पसरलेली दिसते, तें सबंध तालुक्याचें वर्षाचें जळण उघड्यावर जळत असतें, आणि चार कोसांवर पिलीवच्या माळावर बायका काटक्या वेंचीत असतात.

या पाचटाचें कांहीं करतां येतें हें आपल्या शेजारींच दाखविलें गेलें आहे. फलटण येथें १९६८ सालीं ब. वि. निंबकर यांनीं स्थापिलेल्या कृषि संशोधन संस्थेनें उंसाचें पाचट व तत्सम सुटा पालापाचोळा यांपासून जळाऊ वायु करण्याचें यंत्र बसविलें. त्याच संस्थेच्या डॉ. अनिल राजवंशी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत असा विचार मांडला कीं, तालुका हा घटक धरून शेतांतील अवशेष व लागवडीचें जळण यांच्यावर त्याची ऊर्जेची गरज तालुक्यांतच भागवावी. पुण्याच्या आरती या संस्थेनें, जिचे संस्थापक डॉ. आनंद कर्वे, पाचटाचा कोळसा करून त्याच्या विटा पाडण्याची रीत बसविली व २००२ सालीं तिला ॲश्डेन पारितोषिक मिळालें. या कोळशाच्या चुलींत घरांत धूर होत नाहीं. इतकें सारें असून पाचट जळतच आहे, कारण तें गोळा करण्यास मजूर लागतात व पेटविण्यास एक काडी. माझें म्हणणें असें कीं, कालव्याच्या पट्ट्यांत जळणाचें एकही नवें झाड लावण्याच्या आधीं या पाचटाची सोय लागली पाहिजे. थोडें शेतांत कुजवावें, कारण जमिनीलाही पोट आहे. उरलेल्याचें जळण करावें. पाणी पिणारें नवें रान मळ्यांत आणणें हें भरल्या घरीं उसनवारी करण्यासारखें आहे.

मग झाडें माळावर लावावींत काय? येथें उत्तर सोपें नाहीं, आणि सोपें उत्तर देणाऱ्यापासून सावध राहावें. सरकारी दप्तरांत माळाला पडीक म्हणतात. परंतु ज्या माळावर दरसाल हजारों मेंढरें चरतात, तो पडीक कसा? धनगराला तोच माळ शेत आहे; फक्त त्याचें पीक चार पायांनीं चालतें. १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जोतीराव फुले यांनीं जंगलखात्यानें गांवचीं गायरानें गिळल्याची तक्रार केली आहे. चांगल्या हेतूनें उभारलेलें कुंपण देखील मेंढराला कुंपणच असतें. शिवाय गवताळ माळाला स्वतःचे रहिवासी आहेत. आपल्या जिल्ह्यांत नान्नजच्या बाजूस माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें. हा पक्षी उघड्या गवतांत राहणारा. त्याच्या माळावर दाट झाडी उभी केली तर ती त्याला घर न होतां भिंत होते. झाड लावणें हें सर्वत्र व सर्वदा पुण्यकर्म आहे, ही समजूत गवताच्या मुलखांत टिकत नाहीं.

माळावर एक झाड तर कोणीही न लावतां आलें आहे, तें म्हणजे वेडी बाभूळ. ही अमेरिका खंडांतील. या देशांत तिला येऊन सुमारें दीडशें वर्षें झालीं. पाणी नको, निगा नको, तोडली कीं पुन्हा फुटते, लांकूड कठीण व चांगलें तापणारें. पुस्तकांत जळणाच्या झाडाचीं जीं जीं लक्षणें दिलेलीं असतात तीं सर्व हिच्या अंगीं आहेत. गवताची जागा ती खाते, ओढे अडविते, तिचा कांटा अंगांत मोडला तर आठ-आठ दिवस ठणकतो. म्हणून शेतकरी तिला शिव्या देतो. पण भूमिहीन घरची चूल तिच्यावरच चालते, ही गोष्ट शिव्या देणारा विसरतो. हिच्याच कोळशाच्या भट्ट्या आपल्या मुलखांत लागतात. एकदां उन्हाळ्यांत अशा भट्टीपाशीं मी थोडा वेळ थांबलों होतों. मातीनें लिंपलेला ढीग, ठिकठिकाणीं धुराचीं भोकें, आणि रात्रंदिवस त्याच्यावर नजर ठेवून बसलेलें एक कुटुंब. मोठीं माणसें तोंडाला फडकें बांधून, लहान मुलें शेजारच्या पालांत. रायगडाकडील कातकरी कुटुंबें व्यापाऱ्याकडून उचल घेऊन अशा कामावर दूरदूर जातात, आणि उचल फिटेपर्यंत भट्टी सुटत नाहीं. त्या पालांतील एकाही मुलाच्या हातांत मला पाटी दिसली नाहीं. चार-पांच किलो लांकडाचा एक किलो कोळसा होतो. बाकीचा धूर, आणि तो कोणाच्या छातींत जातो हें सांगावयास नको. जळणाच्या झाडाचा व्यापार या वाटेनें वाढणार असेल, तर त्याला हरित म्हणण्यापूर्वीं त्या पालांतील मुलांची हजेरी घ्यावी.

इतकें बोलल्यावर, मग करावें काय, असें वाचक विचारतील, आणि तें त्यांनीं विचारलेंच पाहिजे. माझा पक्ष असा आहे: जळणाचीं झाडें लावावींत, पण विजेसाठीं नव्हे, चुलीसाठीं, आणि सलग रानांत नव्हे, बांधावर. लांकडाची वीज करतांना त्यांतील तीन-चतुर्थांश उष्णता वाया जाते. तेंच लांकूड चांगल्या चुलींत, गुऱ्हाळाच्या चुलवाणांत, किंवा वीटभट्टींत उष्णतेसाठींच जाळलें तर त्याचें अधिक चीज होतें. तीन दगडांच्या चुलींत मात्र दहांपैकीं नऊ भाग उष्णता वाऱ्यावर जाते. सबब जळण वाढविण्याइतकेंच चूल सुधारणें अगत्याचें आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेंत गॅसच्या टाक्या खेड्यांत आल्या, ही मोठीच सोय झाली. परंतु टाकी भरून आणण्यास रोख पैसा लागतो, आणि माळावरच्या घरांत रोख पैसा सुगीच्या दिवसांतच असतो. पुष्कळ घरांत टाकी पाहुण्याच्या चहासाठीं कोपऱ्यांत असते, आणि भाकरी चुलीवर होते. हें दृश्य पाहून जे शहरवासी खेडवळांच्या हट्टाविषयीं बोलतात त्यांनीं एकदां टाकीचा भाव व शेतमजुराची हजेरी शेजारीं शेजारीं मांडून पाहावी.

बांधावरचें झाड कोणतें? यांत मी जुन्या माणसांच्या मताचा आहें. आपली देशी बाभूळ बुंध्यापासून फारशी फुटत नाहीं, हा तिचा दोष कबूल. पण तिची छाटणी घेतां येते, तिच्या शेंगा शेळ्यामेंढ्यांना होतात, मोठी झाल्यावर औताला व गाडीला लांकूड मिळतें, आणि जळणांत तिच्या तोडीचें लांकूड या मुलखांत थोडें आहे. तिच्या जोडीला लिंब व करंज, जे तोडल्यावर फुटतात. जेथें थोडी ओल आहे तेथें शेवरी. आणि ज्यांना पाल्याचें खत पाहिजे त्यांनीं गिरिपुष्प. सुबाभूळही मला वर्ज्य नाहीं, पण ती पांचांतली एक असावी, पांचही नसाव्यात. झपाट्याचें कौतुक मलाही आहे. परंतु ५०० मिलिमीटरच्या मुलखांत झपाटा म्हणजे पाच वर्षें, दोन नव्हे, हें रोप घेणाऱ्याला आधींच सांगितलें पाहिजे. नाहीं तर तिसऱ्या वर्षीं तो निराश होऊन तें उपटून टाकतो.

बांधावरील झाड बांधवाल्याचें. मग ज्यांना बांधच नाहीं त्यांनीं काय करावें? या प्रश्नाला बगल दिली तर सारी योजना पोकळ ठरते, कारण मोळी वाहणाऱ्या बायकांत जमीन नसलेल्यांचीच संख्या मोठी. त्यांच्यासाठीं कालव्याच्या व ओढ्यांच्या कडा आणि गांवठाणालगतच्या पट्ट्या आहेत. तेथें ग्रामसभेनें झाडें लावावींत, आणि छाटणीचा हक्क घरांच्या नांवानें, त्यांतही बाईच्या नांवानें, लिहून ठेवावा. गायरानाचा मोठा भाग मेंढरांना मोकळा राहूं द्यावा. वेडी बाभूळ एकदम उपटूं नये. देशी झाडें जळण देऊं लागेपर्यंत तिला छाटून वापरावें व मग हळूहळू मागें सारावें. जेथें चूल आज तिच्यावर पेटते तेथें ती उद्यां सकाळीं नाहींशी करणें हें काम माळाची कीव करणाऱ्याचें असेल, माणसाची नव्हे.

कोणी म्हणेल, या तुमच्या बांधावरच्या बाभळीनें जगाचा कोळसा थोडाच वांचणार आहे? नाहींच वांचणार. जगाचा कोळसा वांचविण्याचें काम सूर्याच्या व वाऱ्याच्या विजेनें करावें. सोलापूर जिल्ह्यांत उन्हाला काय तोटा आहे! बाभळीकडे मी एवढेंच मागतों कीं, पिलीवच्या माळावरील मुलीनें शाळेची घंटा होण्याच्या वेळीं काटक्या वेंचीत असूं नये. आमच्या वर्गांत उन्हाळ्याच्या तोंडीं ज्या मुलींची हजेरी गळूं लागते, त्यांना कारण विचारलें तर त्या खालीं मान घालून ‘घरीं काम होतें’ म्हणतात. तें काम पुष्कळदां पाण्याचें असतें आणि त्याच्या खालोखाल जळणाचें. हजेरीपटावर त्याला रकाना नाहीं.

पुढल्या पावसाळ्यांत ज्या विद्यार्थ्यांना आपल्या घरच्या बांधावर हा प्रयोग करावयाचा असेल त्यांना रोपवाटिकेच्या दारांत उभें राहण्याची गरज नाहीं. बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्या उन्हाळ्यांत आवडीनें खातात, आणि त्यांच्या पोटांतून गेलेलें, अथवा रवंथ करतांना त्यांनीं टाकून दिलेलें बी साध्या बियांपेक्षां लवकर रुजतें. ज्या वाड्यांत रात्रीं मेंढरें बसतात तेथील खत चाळलें कीं ओंजळभर बी हाताशीं येतें; वाडा ज्याचा असेल त्याला विचारून घ्यावें, तो नाहीं म्हणणार नाहीं. तें मृगाच्या आधीं कोरडें करून ठेवावें, पहिला ओलावा मुरला कीं बांधावर हातभर अंतरानें टोकावें, आणि वर वेड्या बाभळीच्या काट्या अंथराव्यात, म्हणजे शेळीचें तोंड लागत नाहीं. दाट उगवलेलीं रोपें दुसऱ्या वर्षीं विरळ करावींत. विरळ केलेलींही फेकूं नयेत. तीं वाळवून आईजवळ द्यावींत.